मेंबरांचे आजोबा

आमच्या मेंबरांच्या हातात माइक दिला, की ते सगळ्यात आधी आपल्या आजोबांना गावात आणतात. कार्यक्रम कोणताही असो. अंगणवाडीच्या नव्या खोलीचं उद्घाटन असो, जनावरांच्या लसीकरणाचं शिबिर असो, नाहीतर कुणाची शोकसभा असो. "आज आपुन इथं कशासाठी जमलोत ते तुमाला ठाऊकच हाय," एवढं एक वाक्य झालं की मेंबर घसा खाकरतात, जाकिटाची खालची गुंडी लावतात आणि म्हणतात, "पण मुद्दा काय हाय, माझे आजोबा जवा पयल्यांदा ह्या गावात आले..."

आणि आजोबा येतात.

अडचण एवढीच, की ते दर वेळी वेगळ्या तऱ्हेनं येतात. जनावरांच्या शिबिरात ते साठ गायी हाकत आले. शाळेच्या स्नेहसंमेलनात काखेत पाटी धरून आले, कारण त्यांना शिक्षणाची तळमळ होती. बचत गटाच्या मेळाव्यात आजीला पुढं घालून स्वतः चार पावलं मागं चालत आले. तालमीच्या उद्घाटनाला आले तेव्हा वाटेत त्यांनी दोन पैलवान चीत केले होते. एकदा पूर्णा स्टेशनापर्यंत रेल्वेनं आणि तिथून पुढं पांढऱ्या घोड्यावर. आणि एकदा दुधना नदीला पूर आलेला असताना पोहत, दातात पगडी धरून.

"पगडी दातात कशाला?" मी नंतर विचारलं होतं.

"सर, डोक्यावर असती तर भिजली असती की!" मेंबर म्हणाले. माझ्या प्रश्नाचंच त्यांना नवल वाटलं.

गावाला याची इतकी सवय झाली आहे, की उशिरा येणारा माणूस मागच्या रांगेत टेकता टेकता शेजारच्याला हळूच विचारतो, "आज कशावर आले?"

गावाचं नाव लिहीत नाही. ताडकळसच्या अलीकडं सहा-सात किलोमीटर, एवढं पुरे. मेंबर अजून राजकारणात आहेत आणि मला अजून याच गावात राहायचं आहे. त्यांचं पूर्ण नाव रंगनाथ किशनराव वालूरकर. आजोबा सेलू तालुक्यातल्या वालूरहून आले म्हणून गावानंच त्यांना वालूरकर केलं. तीन वेळा ते ग्रामपंचायतीचे सदस्य होते, आता सरपंच आहेत. पण गाव त्यांना मेंबरच म्हणतं. फोन उचलून तेही "हां, मेंबर बोलायलोय" असंच म्हणतात. पंचायतीत नवीन आलेल्या ऑपरेटरनं पहिल्याच दिवशी "सरपंचसाहेब" म्हणून हाक मारली, तेव्हा मेंबरांनी मागं वळून पाहिलं होतं.

मी त्यांचा शेजारी. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, तेव्हापासून मेंबर आपली भाषणं माझ्याकडून लिहून घेतात. स्वच्छ अक्षरात, मुद्देसूद, पाच मिनिटांची. ती घडी करून जाकिटाच्या खिशात ठेवतात, कार्यक्रमभर खिशावर हात ठेवून बसतात आणि उठून बोलतात ते आजोबांवर. असं करत करत माझी पन्नासेक भाषणं त्यांच्या खिशात न वाचता विरून गेली असतील.

दुसरं वेड म्हणजे मूळ. नवा माणूस दिसला की मेंबर त्याचं मूळ गाव काढतात. एसटीचा कंडक्टर तिकीट द्यायला आला की आधी त्याचं मूळ, मग तिकीट. लस टोचायला आलेल्या नर्सताईंसमोर बाही वर करून बसले आणि म्हणाले, "टोचा, पण आदी सांगा, मूळ कुठलं?" ताई म्हणाल्या, जिंतूरकडचं. "जिंतूर ठीक हाय, पण त्येच्या आदी?" मागं वीस माणसं रांगेत उभी होती. माझ्या मुळाचीही त्यांनी चौकशी केली होती. मी म्हटलं, आमचं घराणं इथलंच, कुठून आलंच नाही. मेंबरांना माझी दया आली. "म्हंजे तुमाला हिस्ट्रीच न्हाई म्हना की," ते म्हणाले.

त्यांच्या बायकोचं, शांताबाईंचं, यावर एक ठरलेलं बोलणं आहे. मेंबर त्यांना पाहायला गेले होते तेव्हा त्यांनी आजोबांचं असं काही वर्णन केलं, की शांताबाईंना वाटलं म्हातारा हयात आहे. लग्न होऊन घरी आल्यावर त्या पाया पडण्यासाठी दोन दिवस आजेसासऱ्यांची वाट बघत होत्या. "तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हन्ल्या, अगं माय, त्येन्ला जाऊन लय वर्सं झाली! मंग मला कळलं, हितं काय चालायलंय ते."

पण यावरून मेंबर म्हणजे नुसतं तोंडाचं काम असं कुणी समजू नये. गावात नळाला पाणी त्यांनी आणलं. स्मशानभूमीच्या वाटेवर गुडघाभर चिखल असायचा, तिथं खडीकरण करून घेतलं. त्यांची कामाची पद्धत साधी होती. साहेबाच्या टेबलासमोर खुर्ची ओढायची आणि आजोबांपासून सुरुवात करायची. एका साहेबांनी तर मेंबर दारात दिसताच पेन काढलं. "सही करतो, वालूरकर," ते म्हणाले, "पण आज आजोबा नकोत."

गावातले त्यांचे विरोधक म्हणजे अंगदराव. जुनं घराणं, मोठी शेती, वेशीजवळचं मोठं घर. सरपंचाच्या निवडणुकीत त्यांनी उभा केलेला माणूस अकरा मतांनी पडला आणि ती अकरा माणसं कोण हे शोधण्यात त्यांचा दिवस जातो. त्यांच्या भाषणातही एकच मुद्दा असायचा. "गाव आपलं, आन् कारभारी कोन? उपरा!" मेंबर समोरच बसलेले असत. उपरा म्हटलं की ते माझ्याकडं वळून म्हणत, "रेकॉर्डवर घ्या, सर." मी कुठल्या रेकॉर्डवर घेणार होतो, ते आम्हां दोघांनाही माहीत नव्हतं.

तर अशा या मेंबरांवर रेकॉर्ड शोधायची पाळी आली.

सरपंचपदाची जागा राखीव होती. निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत जातीच्या दाखल्याची पडताळणी करून आणावी लागते. सगळे तिला व्हॅलिडिटी म्हणतात. त्यासाठी बापाच्या नाहीतर आजाच्या काळातला जुना कागद लागतो. मेंबरांच्या घरात जुनं काहीच नव्हतं. वडील, किशनराव, या गावात शाळेत गेले नव्हते. आजोबा लिंबाजी आले तेव्हा त्यांच्या नावावर जमीन नव्हती, घर नव्हतं. एका फोटोतसुद्धा ते नव्हते. मुदत संपत आली होती, आणि अंगदराव वेशीत बसून लोकांना किती दिवस राहिले ते सांगत होते.

अशात शांताबाईंना आठवलं, की सासरे एकदा म्हणाले होते, मी वालूरच्या शाळेत चार महिने बसलो होतो. त्या काळात आपल्याकडं निजामाचं राज्य, शाळेचं दप्तर उर्दूत. माझे वडील त्याच राज्यात उर्दूतून चौथी शिकलेले. त्यांनी मला घरी अलिफ-बे शिकवलं होतं. ते मला आयुष्यात कधी उपयोगी पडलं नव्हतं. मेंबर सकाळी सहाला माझ्या दारात उभे राहिले. "चला सर. हिस्ट्री आणाया जायचंय."

आम्ही परभणीहून एसटीनं वालूर गाठलं. मेंबर वाटभर खुशीत होते. कंडक्टरचं मूळ चारठाण्याचं निघालं, तर त्याला त्यांनी तिथल्या जुन्या देवळांची हकिकत सांगितली आणि देवळांच्या ओघात आजोबांनाही एका खांबाला टेकवून आले.

शाळेतल्या मुख्याध्यापिका तरुण होत्या, आमच्याशी फार चांगल्या वागल्या. कपाटाच्या वरच्या फळीवरून त्यांनी फडक्यात बांधलेलं दप्तर काढून दिलं. "हे आमच्यात कुणाला वाचता येत नाही, सर. तुम्हीच बघा," म्हणाल्या. मी चष्मा पुसला. पानं पिवळी पडली होती, कडा बोटाला लागल्या की झडत होत्या. उजवीकडून डावीकडं एकेक ओळ मी बोट न लावता वाचत गेलो. मेंबर शेजारी उभे होते आणि त्यांच्या श्वासानं पान हलत होतं.

दीडएक तासानं नाव सापडलं. किशन. पुढं वय, सहा साल. जातीचा रकाना होता, त्यात हवं तेच लिहिलेलं होतं. माझ्या तोंडून "सापडलं!" निघून गेलं. मेंबरांनी टाळी वाजवली.

मग मी मधले रकाने वाचले आणि गप्प झालो.

"काय झालं सर? वाचा की. मोठ्यानं वाचा, म्याडमलाबी ऐकू द्या."

मला वाटलं, चष्मा धूसर झालाय म्हणावं. अक्षर लागत नाही म्हणावं. पण मी चाळीस वर्षं मुलांना जे लिहिलंय तेच वाचा असं सांगत आलो होतो. मी वाचलं, "नाव, किशन. वडिलांचं नाव, नारायण. फौत." मग पुढचा रकाना वाचला, "सरपरस्त, लिंबाजी."

"सरपरस्त म्हंजे?"

"पालक. सांभाळणारा."

फौत म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं नाही. सात-बारावर तो शब्द त्यांनी कितीदा पाहिला होता. किशनराव सहा वर्षांचे असताना त्यांचे वडील वारलेले होते, आणि त्यांचं नाव नारायण होतं. लिंबाजी त्यांचे वडील नव्हते.

मॅडमनी पानाची नक्कल करून शिक्का मारून दिला. मेंबरांनी ती घेतली, त्यांना नमस्कार केला आणि त्यांचं मूळ न विचारता बाहेर पडले.

वालूरला एक जुनी बारव आहे, गोल गोल खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची. मेंबर म्हणाले, तिथं जरा बसू. आम्ही वरच्याच पायरीवर बसलो. खाली पाण्यावर शेवाळ होतं. त्याच्याकडं बघत मेंबर म्हणाले, "सर, मंग मी इतके दिवस कुनाच्या आजोबाची हिस्ट्री सांगायलो?"

मग त्यांनी आपण होऊनच सुरुवात केली.

"चौथीत आमाला गुरुजीनं निबंध दिला हुता. माझे आजोबा. समद्या पोरांला आजोबा हुते. कुनाचा शेतात न्यायचा, कुनाचा बाजारातून रेवड्या आनायचा. माझा मी जन्मायच्या आदीच गेलेला. म्या बापाला इचारलं, बा, आपला आजा कसा हुता? बाप उठला आन् बैलाला पानी दाखवाया गेला." ते थांबले. "बैल आत्ताच पेऊन आलते, सर."

"मग?"

"मंग काय. म्या लिहिलं, माझे आजोबा घोड्यावर बसून आले. गुरुजीनं वर्गात वाचून दाखवलं. पोरं टाळ्या वाजवायलीत. त्या दिवशी पयल्यांदा मला आजा झाला. मंग थांबताच येईना." त्यांनी खिशातून नक्कल काढली, उलटी-सुलटी करून बघितली. त्यांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. "माझ्या आजोबाला म्या समदं दिलं, सर. घोडा दिला, गायी दिल्या. आन् त्यो माझा आजाच न्हाई."

परतीच्या गाडीत ते एक शब्द बोलले नाहीत. योगायोगानं कंडक्टर तोच होता. त्यानं मला हळूच विचारलं, "साहेबांला बरं न्हाई का?"

परभणीच्या कार्यालयात बाबूनं नक्कल पाहिली, माझं भाषांतर पाहिलं. कागद चालेल, म्हणाला. पण तुमच्या सगळ्या कागदांवर किशन लिंबाजी आहे आणि इथं किशन नारायण. तेव्हा शपथपत्र करा, आणि लिंबाजींना गावात येताना डोळ्यांनी पाहिलेल्या एका तरी माणसाची त्यावर सही आणा.

गावात असा एकच माणूस उरला होता. नव्वदीच्या घरातले आबा. अंगदरावांचे वडील.

मेंबर दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. भिंतीपलीकडून मला शांताबाईंचा आवाज यायचा, त्यांचा नाही. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर म्हणाले, "राजीनामा लिहून द्या सर. चांगल्या अक्षरात. ह्यो एक मात्र मी वाचनार हाय." अंगदरावाच्या ओट्यावर जाऊन माझा बाप कुणाचा हे सांगायचं, आणि संध्याकाळी ते वेशीत ऐकायचं, त्यापेक्षा खुर्ची गेलेली बरी.

शांताबाई चहा घेऊन आल्या. "सोडा की सरपंचकी," त्या म्हणाल्या. "मला काय तिचं? पर म्हातारा हाय तवर जाऊन तर या. तुमच्या आजोबाला बघितलेला मानूस समोर बसलाय, आन् तुमी जिंदगीत येकदा त्येला इचारलं न्हाई. का, तर त्यो अंगदरावाचा बाप."

मेंबरांनी चहा तसाच ठेवला आणि जाकीट अंगात घातलं.

आम्ही गेलो तेव्हा अंगदराव ओट्यावर खुर्ची टाकून मोबाइल बघत होते. "काय मेंबर, वाट चुकलाव का?" ते म्हणाले. मेंबरांनी तोंड उघडलं, पण त्यांना सुरुवातच सापडेना. माझ्या माहितीत असं पहिल्यांदा घडत होतं. शेवटी मीच सगळं सांगितलं, थोडक्यात, आणि शपथपत्र पुढं केलं. अंगदरावांनी ते सावकाश वाचलं. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा वरून वाचलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. एवढा चांगला मुद्दा त्यांच्या हातात यापूर्वी कधी पडला नव्हता.

आतून आवाज आला. "कोन आलंय रे?"

"वालूरकर हायेत, आबा."

"लिंबाजीचं का? मंग बाहीर कामून उभं केलंस? आत घे."

आबा बाजेवर उशाला टेकून बसले होते. ऐकायला कमी येतं, पण नजर चांगली. मेंबर बाजेशेजारी उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "आबा, माझे आजोबा ह्या गावात कसे आले?" हा प्रश्न त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"चालत," आबा म्हणाले. "आनि कसे येतेत? मी बारा-तेरा वर्साचा आसंन. माझा बाप इथंच ओट्यावर बसलेला. समोर ह्ये तिघं येऊन उभे ऱ्हायले. बाईच्या डोस्क्यावर गाठुडं. पोरगं लिंबाजीच्या खांद्यावर, लिंबाजीचे केस धरून बसलेलं. बापानं इचारलं, कुठले? म्हन्ला, वालूरचे. बाप म्हन्ला, पोरगं कुनाचं? लिंबाजी म्हन्ला, माझं."

आबा हसले. त्यांना खोकला आला.

"पोराचं तोंड येक आन् ह्येचं येक. आंधळ्यालाबी कळलं आसतं. तवर पोरगंच वरून बोललं, माझा बा मेला, म्हून. झालं! बाई रडाया लागली. नारायण म्हून ह्येचा दोस्त हुता, तापानं गेला. ह्येनं त्येच्या पोराला साळंत घातलं, बाईसंगं संसार मांडला, तर भावकी गावात ऱ्हाऊ देईना. लिंबाजीनं काय करावं? पोराला खाली घ्येतलं न्हाई, काई न्हाई. पुन्ना म्हन्ला, माझं हाय. बाप माझा उठला. म्हन्ला, तू तुझं म्हन्तोस ना, मंग तुझंच. ह्या गावात तुला पुन्ना कोनी इचारायचं न्हाई."

"मंग?" मेंबरांनी विचारलं.

"मंग कोनी इचारलं न्हाई."

"म्हंजे समद्यांला ठाऊक हुतं?"

"समद्यांला. माझ्या बरूबरीच्या पोरासोरांला सुद्दा."

"आन् इतक्या वर्सांत कोनीच बोललं न्हाई?"

"बोलून काय करायचं हुतं?" आबा म्हणाले. हे इतकं साधं होतं, की त्यांना मेंबरांचा प्रश्नच नीट कळला नसावा.

अंगदराव दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. "आबा, मला कधी सांगितलं न्हाई तुमी."

"तुला सांगून? तू मायकवर सांगितलं आसतंस."

मेंबर एकदम खाली बसले. ते रडत होते, पण आवाज न करता, जाकिटाच्या टोकानं नाक पुसत. मी आबांना शपथपत्राचं सांगितलं, तसं त्यांनी विचारलं, सही कुठं करायची. अंगदराव दोन पावलं पुढं आले. "आबा, आपुन इरोधात हावोत..." एवढं म्हणाले आणि थांबले. मग आत गेले, आबांचा चष्मा आणला, कागदाखाली धरायला नातवाचा परीक्षेचा पॅड आणला आणि सही होईपर्यंत तो स्वतःच्या हातानं धरून उभे राहिले. आबांनी सहीला चांगली पाच मिनिटं घेतली. एकेका अक्षराला ते थांबून श्वास घेत होते.

आम्ही निघालो तेव्हा अंगदराव वेशीपर्यंत सोबत आले. म्हणाले, "मेंबर, उपरा म्हननं मी सोडनार न्हाई बरं का. तेवढंच तर हाय माझ्याजवळ. पर ह्ये कागदातलं माझ्या तोंडून जानार न्हाई."

"रेकॉर्डवर घ्या, सर," मेंबर म्हणाले. पण ते हसत होते.

व्हॅलिडिटी मुदतीच्या आत आली. मेंबरांची खुर्ची राहिली. पंधरा ऑगस्टला शाळेसमोर झेंडावंदन झालं आणि माइक त्यांच्या हातात गेला. सगळं गाव सरसावून बसलं. मेंबर म्हणाले, "माझे आजोबा लिंबाजी वालूरहून चालत आले. त्येंच्या खांद्यावर माझा बाप बसलेला हुता. त्यो त्येंच्या दोस्ताचा पोरगा हुता. आजोबांनी त्येला आपला म्हनलं, आन् गावानं ते मान्य केलं. म्हून मी हितं हाय. जय हिंद." आणि खाली बसले.

 पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं पदर डोळ्याला लावला आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलं मात्र नाराज झाली. मागच्या रांगेतला एक पोरगा माझ्याकडं येऊन म्हणाला, "सर, आज लय लवकर आले."

अलीकडं गावात नवीन चर्चा आहे. मेंबर दर शनिवारी दुपारी अंगदरावांच्या घरी जातात. तासभर बसतात. पंचायत समितीच्या निवडणुका जवळ आल्यात, तेव्हा दोघांची युती होणार असं ताडकळसच्या बाजारातसुद्धा बोललं जातंय. मला दोघा-तिघांनी खोदून विचारलं. शेवटी परवा मी स्वतःच जाऊन पाहिलं.

मेंबर आबांच्या बाजेला पाठ टेकून जमिनीवर बसले होते, मांडी घालून, साठीचा माणूस. आबा सांगत होते. लिंबाजीबद्दल त्यांना आठवतं ते फार नाही; चार-पाच गोष्टी असतील. लिंबाजी किशनला 'मालक' म्हणून हाक मारायचा. त्याला बेडकाचं भ्या वाटायचं. नांगर धरला की तो तोंडानं शीळ घालायचा, ती पार ओढ्यापलीकडं ऐकू यायची. भाकरीच्या पापुद्र्यात गूळ घालून तो आधी पोराला द्यायचा आणि उरलेली कोरडी आपण खायचा. हे सगळं मेंबरांचं कितीदा तरी ऐकून झालेलं होतं. एरवी दुसऱ्याला बोलूच न देणारा हा माणूस तोंडातून हूं काढत बसला होता. जाकीट काढून शेजारी ठेवलेलं. पावलाच्या बोटाशी चाळा चाललेला.

आबा थांबले. "येवढंच ठाऊक हाय मला, रंगनाथा."

"ते बेडकाचं पुन्ना सांगा की," मेंबर म्हणाले.

आबांनी पुन्हा सुरुवात केली. वयानं त्यांचा आवाज बारीक झाला आहे. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार किलकिलं झालं आणि अंगदरावांनी डोकं बाहेर काढलं. मी तिथं आहे हे पाहून ते जरा ओशाळले. पण आत गेले नाहीत.

"आबा," ते म्हणाले, "जरा मोठ्यानं सांगा की. आत ऐकू यिना झालंय."